ग्लिमेपिराइड की ग्लिप्टिन? दोन्ही खाऊन बघितलेल्या माणसाचं मत

शुगरचं (डायबेटिसचं) नेहमीचं औषध मेटफॉर्मिन एकटं पुरेना झालं आणि डॉक्टर म्हणाले आता दुसरी गोळी जोडू, की बहुतेक जण इथंच अडकतात. एकीकडं ग्लिमेपिराइडसारखी सल्फोनिलयुरिया नावाच्या जुन्या गटातली गोळी, दुसरीकडं ग्लिप्टिन या नव्या गटातली सिटाग्लिप्टिन नाहीतर विल्डाग्लिप्टिन. मी पहिली साडेचार वर्षं खाल्ली, दुसरीला आता तीन होतील. डॉक्टर नाही मी, साताऱ्यात एका पतसंस्थेच्या वसुलीला फिरतो, तेव्हा अंगावर आलं तेवढंच सांगतोय, गोळी बदलायचं तुम्ही तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

जुनीची बाजू आधी घेतो, कारण तिला उगाच शिव्या बसतात. शुगर उतरवायला ती वाघ आहे. माझं एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) 8.9 होतं ते चार महिन्यांत 6.8 वर आलं, ग्लिप्टिनवर मी 7.2 च्या खाली काही गेलेलो नाही. पैशाचं म्हणाल तर मेडिकलवाला जुनीच्या पट्टीला सुट्टे मागतो इतकी ती स्वस्त. पूर्वी ग्लिप्टिनचा विषयच नको असायचा, पण विल्डाग्लिप्टिनचं पेटंट 2019 च्या डिसेंबरात आणि सिटाग्लिप्टिनचं 2022 च्या जुलैत संपलं, देशी कंपन्या उतरल्या आणि भाव चांगलेच पडले. फरक अजून आहे, पण पूर्वीसारखा डोळे पांढरे करणारा नाही.

आता खरी गोम. जुनी गोळी स्वादुपिंडाला सरळ ढोसते की सोड इन्शुलिन, पोटात अन्न आहे का नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही. (हिचा शोधच असा लागला म्हणे, 1942 साली फ्रान्समध्ये टायफॉइडच्या पेशंटना एक सल्फाचं औषध देत होते आणि त्यांची शुगर धडाधड पडायला लागली.) ग्लिप्टिन शुगर वाढली तरच जोर लावते, त्यामुळं एकटी किंवा मेटफॉर्मिनबरोबर असताना सहसा लो करत नाही, म्हणजे शुगर नको इतकी खाली पाडत नाही.

कोरेगावकडं एका लग्नाला गेलेलो. सकाळी आठला गोळी, वर वाटीभर पोहे. मुहूर्त 12:35 चा, पण वरात डीजेपुढून हलेना. दीड वाजता कुठं मंगलाष्टकं सुरू झाली, तीही भटजींची संपली की नवऱ्याची आत्या, तिची संपली की कोण मावशी, प्रत्येकीची स्वतः रचलेली. माझा हात थरथरायला लागला, मुठीतल्या अक्षता आपोआप गळायला लागल्या, शर्ट पाठीला चिकटला, आणि शेजारचा म्हणतोय काय उकाडा आहे हो. शेवटी पुढच्या खुर्चीवरच्या पोराच्या हातातली मँगो ज्यूसची बाटली ओढून घेतली आणि घटाघट प्यायलो. पोरगं भोकाड पसरून रडलं, माझी आई शप्पथ लाज गेली. आणि नुसतं गोड पिऊन भागत नाही, या गोळीचा असर दिवसभर असतो, तासाभरात परत पडू शकते, म्हणून पाठोपाठ जेवावंच लागतं.

पण मी गोळी बदलली ती त्या एका दिवसामुळं नाही. मला वैताग आला तो त्यानंतरचा. लो होईल या भीतीनं मी आधीच खाऊन घ्यायला लागलो. अकराला बिस्किटं, चारला वडापाव, खिशात कंदी पेढा कायम. शुगरची गोळी खायची आणि तिच्या धाकानं पेढा खायचा, हे काय गणित आहे सांगा! दोन वर्षांत चार किलो वजन चढलं, त्यात गोळीचा स्वतःचाही वाटा असतोच. मी थकबाकीदाराच्या दारात आवाज चढवून उभा, आणि बरोबर एकला बायकोचा फोन, "अहो, जेवलात का?" समोरचा हसतो, वसुली बोंबलते.

ग्लिप्टिन लागल्यापासून तीनला जेवलो तरी चालतं. वजन वाढलं नाही, घटलंही नाही. तिचेही तोटे आहेत, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, पोटात जोरात दुखून उलट्या झाल्या तर अंगावर काढायचं नाही.

हृदयाची भीती घालणारे भेटतील. 2019 मध्ये कॅरोलिना नावाचा मोठा अभ्यास आला, सहा हजारांच्या आसपास पेशंट, सहा वर्षांवर चाललेला, ग्लिमेपिराइड विरुद्ध लिनाग्लिप्टिन, ही ग्लिप्टिनांतलीच एक. हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरेत दोघी सारख्याच निघाल्या. लो होण्यात मात्र ग्लिमेपिराइडवाले 37.7 टक्के आणि दुसरे 10.6. मला तो आकडा वाचून अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

माझ्या चुलत्यांचं उलटं आहे. शेतकरी माणूस, बाराला भाकरी म्हणजे बाराला, पेन्शन नाही काही नाही, ते ग्लिमेपिराइडवर खुशाल आहेत आणि मी त्यांना बदला म्हणत नाही. ज्याचं ताट वेळेवर येतं त्याला ती परवडते असं माझं आपलं मत. फक्त त्यांना बीपीची मेटोप्रोलॉल पण आहे, तिनं धडधड झाकली जाते, म्हणून काकूला सांगून ठेवलंय की उगाच दरदरून घाम आला तर आधी साखर द्यायची, मग मला फोन.

पैशामुळं किंवा शुगर फारच चढलीय म्हणून जुनीच घ्यावी लागली तर त्याच गटातली ग्लिक्लाझाइड चालेल का तेवढं डॉक्टरांना विचारा, लो होण्याच्या बाबतीत ती जरा सौम्य मानतात. आणि घरात कुणा सत्तरीच्या माणसाला, त्यातून किडनी नाजूक असेल तर, अजून ग्लिबेनक्लामाइड (तीही जुन्या गटातलीच, पण लो जास्त करणारी) चालू असेल तर पट्टी खिशात घालून याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवून या.