लंडनमधलं मॉरिशियन जेवण : काही महिने नेमाने खाल्ल्यावर

लंडनमध्ये मॉरिशियन जेवण देणाऱ्या जागा मोजक्याच, आणि त्यातल्या बहुतेक मुख्य शहरात नाहीत. उपनगरातल्या एखाद्या रस्त्यावर आठ-दहा टेबलं, स्वयंपाकघरात घरचीच माणसं, फळ्यावर खडूने लिहिलेले आजचे पदार्थ, असा थाट. गेले काही महिने अशा वेगवेगळ्या ठिकाणी बसून खाल्लं, पार्सल आणलं, रविवारचा बुफेही घेतला. माझं मत एका गोष्टीवर पक्कं झालंय : इथे जावं ते लाटलेल्या, वाफवलेल्या आणि मुरवलेल्या पदार्थांसाठी. म्हणजे डोल पुरी, बुलेत आणि विंदाय. कोंबडीची कारी चांगली असते, पण मसाला-कढीपत्त्याचा तो रस्सा मराठी घरात सहज जमतो. त्यासाठी तासभर ट्रेनने जाण्यात अर्थ नाही.

पाटीवर ‘क्रियोल’ एवढंच लिहिलं असेल तर आधी मेनू वाचा. अमेरिकेतल्या लुइझियानाचं गम्बो नावाचं दाट सूप, कॅरिबियन बेटांचं जेवण आणि हिंदी महासागरातल्या बेटांचं जेवण या तिन्हींना तोच शब्द लावतात. डोल पुरी, रुगाय, मीन फ्री ही नावं एकत्र दिसली तर स्वयंपाकघर मॉरिशसचं. रियुनियन या शेजारच्या फ्रेंच बेटाच्या ताटात मात्र भात, कडधान्य, कारी आणि बाजूला कच्ची तिखट चटणी असते, आणि त्या चटणीलाही तिथे रुगाय म्हणतात. मॉरिशसमध्ये रुगाय म्हणजे शिजवलेला टोमॅटोचा रस्सा. सेशेल्सच्या रश्श्यांत नारळाचं दूध भरपूर, मॉरिशसच्या कारीत ते सहसा नसतंच. पॅरिसमध्ये रियुनियनच्या खाणावळी जास्त भेटतात. इंग्लंडमध्ये पारडं मॉरिशसकडे झुकतं. 2012 साली ब्रिटनचं मास्टरशेफ जिंकलेल्या शेलिना पर्मालू यांनी साउदॅम्प्टनमध्ये मॉरिशियन खाण्याचं ठिकाण उघडलं, त्यानंतर ही नावं इतरांच्याही कानावरून गेली.

आता डोल पुरी. नावात पुरी असली तरी ती तळत नाहीत, तव्यावर भाजतात. 1834 पासून ऊसमळ्यांवर करारावर जे मजूर गेले त्यांत भोजपुरी पट्ट्यातले लोक सर्वांत जास्त होते. ही त्यांची दालपुरी. पिवळ्या वाटाण्याची किंवा हरभऱ्याची डाळ हळद घालून शिजवतात. दाणा बोटात दाबल्यावर चुरा व्हायला हवा, लगदा झाला की काम बिघडलं. पाणी निथळून, डाळ पूर्ण गार करून कोरडीच दळतात आणि तिच्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड मिसळतात. निथळलेलं पिवळं पाणी टाकत नाहीत, त्यातच थोडं तेल घालून मैदा सैलसर भिजवतात आणि निदान अर्धा तास झाकून ठेवतात. साधारण जितका मैदा तितकीच डाळ, हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवा. पुरण जसं एकही कण न राहता चाळणीतून उतरावं लागतं, तसंच हे सारण; एक अख्खा दाणा राहिला तरी लाटताना पारी फाटते.

चांगली डोल पुरी ओळखायची ती उजेडात धरून. पातळ इतकी की मागची बोटं अंधुक दिसावीत, आणि डाळ मधोमध गोळा न होता कडेपर्यंत पसरलेली. हातात घेतली की रुमालासारखी दुमडली पाहिजे. कडा पापडासारख्या झाल्या असतील तर एकतर तवा पुरेसा तापला नव्हता आणि ती त्यावर फार वेळ राहिली, किंवा भाजल्यावर उघडी पडली. म्हणून तव्यावरून थेट ताटात आलेल्या पुरीपेक्षा कापडात एकावर एक रचून ठेवलेल्या चळतीतली पुरी जास्त मऊ असते. आतली वाफ तिला सैल करते. ‘ताजी आत्ता करून देतो’ म्हणाले तरी पाच मिनिटं झाकू द्या.

ती जोडीनेच विकतात. दोन पुऱ्या एकमेकींवर अर्ध्या सरकवून त्यावर ग्रो प्वा, म्हणजे मोठ्या पांढऱ्या पावट्याचा दाट रस्सा, मग रुगाय, मग आशार, म्हणजे भाज्यांचं लोणचं, आणि कागदात गुंडाळी. मॉरिशसच्या रस्त्यावर ती उभ्याउभ्या खाण्याची चीज आहे. लंडनच्या खाणावळीत वाट्या वेगळ्या येतात आणि ते बरंच आहे, कारण इथला ग्रो प्वा अनेकदा पातळ असतो आणि गुंडाळी हातातच सुटते. पावटा रात्रभर भिजवून, साल सुटेपर्यंत शिजवून थोडा घोटला तर रस्सा आपोआप दाट होतो. डब्यातला पावटा वापरला की साल चिवट लागते आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर येतं. जिभेवर बुळबुळीतपणा जाणवला तर समजा.

एक प्रश्न फोनवरच विचारा : आज लाटली की फ्रीजरची? बऱ्याच ठिकाणी डोल पुरी शुक्रवार ते रविवारच लाटतात, कारण डाळ दळणं आणि लाटणं हे सकाळचं दोन-तीन तासांचं काम आहे आणि मंगळवारी तेवढी गिऱ्हाइकं नसतात. गोठवलेली वाईटच असं नाही, पण ती वाफेवर गरम करावी लागते. मायक्रोवेव्हमध्ये उघडी टाकली की कातडं होतं.

विंदाय हा माझ्या मते या जेवणातला सर्वांत शहाणा पदार्थ, आणि मेनूत असूनही लोक तो सोडून कारी मागवतात याचं वाईट वाटतं. गोव्याच्या विंदालूशी त्याचं सख्खं नातं, दोघांचंही मूळ पोर्तुगीजांच्या लसूण-आंबवणीत मुरवलेल्या मांसात. गोव्यात त्याला लाल मिरची मिळाली. मॉरिशसमध्ये तो पिवळा झाला. ट्यूनासारख्या घट्ट माशाचे तुकडे मीठ-हळद लावून तळून घेतात. मग तेलात वाटलेली मोहरी, लसूण, हळद, अख्खे छोटे कांदे, चिरलेल्या हिरव्या मिरच्या परततात, व्हिनेगर घालतात आणि त्यात मासा घोळवून ठेवून देतात. खायचा दुसऱ्या दिवशी, गार किंवा कोमट. म्हणून ‘विंदाय आजच केलंय’ हे वाक्य इथे शिफारस नव्हे.

बिघडतं ते मोहरीत. मिक्सरमध्ये पाणी घालून गुळगुळीत वाटली आणि कडकडीत तेलात टाकली की ती कडवट होते. जाडसर कुटून मध्यम आचेवर जेमतेम मिनिटभर परतायला हवी. काही जागी बाटलीतली दाणेदार मोहरी सॉससारखी ओततात. ते लगेच कळतं : झणका नाकात न जाता जिभेवर गोडसर आंबटपणा येतो आणि कांदे मऊ पडलेले असतात. छोटा कांदा दाताखाली थोडा करकरला पाहिजे. व्हिनेगर साधं पांढरं हवं. चिप्सवर शिंपडायचं तपकिरी माल्ट व्हिनेगर घातलं की सगळ्याला त्याचाच वास. ऑक्टोपसचं विंदाय मिळालं तर जरूर घ्या. लंडनमध्ये तो बहुतेकदा गोठवलेला येतो, आणि त्यात तोटा नाही, कारण गोठण्याने त्याचे तंतू सैल होतात. रबरासारखा लागला तर दोष घाईने मोठ्या आचेवर उकळण्याचा.

चिनी-मॉरिशियन भाग लोकांना ‘चायनीज’ वाटतो आणि ते पान उलटतात. तसं करू नका. हक्का चिनी कुटुंबांनी बेटावर जे रुजवलं ते तिथलं रोजचं खाणं झालं आहे. मीन फ्री, म्हणजे परतलेले नूडल्स, साधेच असतात. सोया, अंडं, कांद्याची पात. खरी कसोटी बाजूच्या बाटलीची. लसूण कुटून पाणी, व्हिनेगर आणि मीठ घालून केलेलं लसणीचं पाणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, पिमां क्राझे, या दोन गोष्टी न मागता टेबलावर आल्या तर आत स्वयंपाक करणारा माणूस मॉरिशसचा आहे असं मी धरून चालते. ठेचा कच्च्या मिरचीचा असतो, अर्ध्या चमच्याने सुरुवात करा.

बोल रांवेर्से म्हणजे उलटा वाडगा. तळाशी तळलेलं अंडं, त्यावर कोंबडी-भाज्यांचं दाट परतवण, वर दाबून भरलेला भात. ताटलीवर उपडा करून आणतात आणि वाडगा तुमच्यासमोर उचलतात. भात नीट दाबलेला नसला की ढीग कोसळतो, रस जास्त झाला की खालून तळं साचतं. अंड्याचा बलक कच्चट हवा, तो फुटून भातात उतरला की पदार्थ पूर्ण होतो. पार्सलमध्ये मात्र हा कधीच मागवू नका, वाफेने अंडं रबर होतं आणि भात चिखल.

बुलेत हे वाफवलेले गोळे, स्वच्छ रश्श्यात पोहणारे. त्यातला न्यूक येन नावाचा प्रकार शोधावा. तो शुशूचा करतात. शुशू म्हणजे नासपतीच्या आकाराची, दुधीसारखी पाणीदार फळभाजी. ती किसून घट्ट पिळतात आणि टॅपिओका किंवा कॉर्नफ्लोअरने बांधतात. पिळण्यात कसर राहिली की पीठ जास्त लागतं आणि गोळा खोडरबरासारखा होतो. नीट जमलेला गोळा अर्धपारदर्शक दिसतो आणि आत भाजीचे तंतू लागतात. लंडनमध्ये शुशू कॅरिबियन भाजीवाल्यांकडे मिळते, तेव्हा तिच्याऐवजी कोबी घालणाऱ्याला सबब नाही.

इथे शाकाहारी मंडळींना सावध करायला हवं. बुलेतच्या भाजीच्या गोळ्यातही सुकी कोलंबी असते, ‘व्हेज’ बोलमध्ये ऑयस्टर सॉस असतो. दोन्ही विचारल्याशिवाय घेऊ नका. त्याउलट डोल पुरी, ग्रो प्वा, काळ्या मसूरची डाळ, आशार आणि ब्रेद यांवर शाकाहारी माणूस पोटभर जेवतो. फक्त ब्रेदमध्ये सुकी कोलंबी नाही ना, एवढं पाहायचं. ब्रेद म्हणजे पालेभाजी. शेवग्याचा पाला आणि अळू हे दोन्ही मॉरिशसच्या घरांत नेहमीचे, त्यामुळे कोकणातल्या माणसाला ओळख पटायला वेळ लागत नाही. लंडनमध्ये बहुतेकदा पालक किंवा पाक चोय देतात. शेवग्याचा पाला आलेल्या दिवशी फळ्यावर लिहितात, त्या दिवशी तोच घ्या. हलाल, गोमांस, डुकराचं मांस याबाबत प्रत्येक स्वयंपाकघराची रीत वेगळी. मॉरिशसचे मुसलमान, हिंदू, चिनी, ख्रिश्चन सगळेच अशी दुकानं चालवतात, तेव्हा गृहीत काहीच धरू नये.

रुगायबद्दल थोडक्यात. टोमॅटो, कांदा, लसूण, आलं, ताज्या थाइमच्या काड्या, शेवटी कोथिंबीर. धण्याजिऱ्याची पूड लागली तर ती आपल्या ओळखीची ग्रेव्ही झाली, रुगाय नव्हे. ताटात थाइमची काटकी सापडली तर ती चांगली खूण. हिवाळ्यात इथल्या फिक्या ताज्या टोमॅटोपेक्षा डब्यातले बरे, फक्त साखर घालून आंबटपणा मारलेला नसावा. खाऱ्या माशाचा रुगाय मासा पाणी बदलत नीट भिजवला असेल तरच खाण्याजोगा. नाहीतर दुसऱ्या घासाला ग्लास संपतो.

रविवारच्या बुफेत काय घ्यायचं ते शेगडीवर तासभर राहून काय टिकतं त्यावर ठरवा. दोब नावाचा बटाटा-मटाराचा स्ट्यू, काळी मसूर, ग्रो प्वा, हलीम हे उलट सुधारतात. मीन फ्री चिकट होतात, ब्रेद काळवंडतात आणि गातो पिमां दगड होतात. गातो पिमां हे डाळीचे छोटे वडे आहेत : डाळ चार-सहा तास भिजवून पाण्याशिवाय जाडसर वाटायची, कांद्याची पात, कोथिंबीर, मिरची घालून मध्यम आचेवर तळायचे. तोडल्यावर आत रवाळ कण दिसावेत. सपाट, घट्ट गर दिसला तर पीठ घातलंय. तळल्यावर दहा मिनिटांत, लोणी लावलेल्या पावात भरून खायचे. बुफेतून उचलू नयेत, वेगळे मागवावेत. ब्रियानी शनिवार-रविवारीच असते, आणि तिच्यात तळलेला बटाटा हवाच. सगळा भात एकाच रंगाचा दिसला तर थर न लावता कालवलेली आहे.

चौघांना जेवायचं असेल तर माझी मागणी अशी : गातो पिमांची एक बशी आणि बुलेतचा एक वाडगा मध्ये ठेवायचा, मग माणशी डोल पुरीची एक जोडी, सगळ्यांत मिळून एक विंदाय, एक ब्रेद, एक बोल रांवेर्से. दुसरी कुठलीही कारी लागत नाही.

गोडात आलूदा : दूध, सब्जा, अगरच्या जेलीचा कीस, सरबत. सब्जा निदान पंधरा मिनिटं भिजलेला हवा, नाहीतर दाताखाली कचकचतो. सरबत अर्धंच घालायला सांगा, इथे ते फार ओततात. नापोलितेन, म्हणजे जॅम भरून गुलाबी साखरेचा थर दिलेलं बिस्कीट, हवाबंद डब्यात दोन-तीन दिवस छान राहतं. रताळ्याच्या पारीत नारळ भरून तळलेला गातो पातात मात्र तिथेच गरम खावा.

घरी नेण्यासाठी डोल पुरीची चळत मागा, ती सुटी मिळते. दोन-दोन पुऱ्यांमध्ये बटर पेपर घालून गोठवा. खाताना बाहेर काढून अर्धा तास ठेवा, ओलसर सुती फडक्यात गुंडाळा आणि इडलीपात्रात तीन-चार मिनिटं वाफ द्या. तवा नको, त्याने कडा पुन्हा वाळतात. रस्से वेगळ्या डब्यांत आणायचे आणि विंदाय गरम करायचंच नाही.