तयार पावती पुस्तक: गणपतीच्या वर्गणीला बरं, युनियन बदलायला कच्चं

सांगलीत स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं वर्गणीचं तयार पावती पुस्तक स्वस्त असतं आणि हातोहात मिळतं. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत नवी युनियन उभी राहिली की पहिल्यांदा तेच आणलं जातं. मंडळाला ते चालतं. मान्यताप्राप्त युनियन, म्हणजे कंपनीशी कामगारांच्या वतीने बोलणी करणारी, बदलायची असेल तर घेऊ नका.

कारण इथे पावती हा मोठा पुरावा. जुनीच्या जागी नव्या युनियनला मान्यता हवी तर महाराष्ट्राच्या 1971 च्या युनियन-मान्यता कायद्यात कलम 14 खाली औद्योगिक न्यायालयात अर्ज करतात. जुनीच्या मान्यतेला दोन वर्षं झालेली हवीत, नवीकडे किमान 30 टक्के कामगार हवेत आणि अर्जाच्या महिन्याआधीचे सलग सहा महिने तिचे सभासद जुनीपेक्षा जास्त हवेत. जुलैत अर्ज, तर जानेवारी ते जून.

तयार पुस्तकात 'श्री. ____ यांजकडून रु. ____' एवढंच छापलेलं. तिकीट नंबर (कामगाराचा कारखान्यातला नंबर), खातं म्हणजे विभाग, कोणत्या महिन्याची वर्गणी, यांना जागाच नाही. आपल्याकडे एका कारखान्यात दोन-तीन संजय पाटील सहज निघतात. जुन्या युनियनचा वकील नेमकं तिथंच बोट ठेवणार. दुसरं दुखणं कार्बनचं. वरची पावती ठळक, खालची पुसट, आणि वरची तोवर कामगाराच्या पँटच्या खिशात धुतली गेलेली. शिवाय प्रत्येक पुस्तक 1 पासून सुरू होतं, म्हणजे 37 नंबरच्या पावत्या पुस्तकं असतील तितक्या.

त्यापेक्षा छापखान्यातून कार्बनलेस कागदावर छापून घ्या, नंबर सगळ्या पुस्तकांत सलग. 240 कामगार असतील तर 51 टक्के म्हणजे 123 जण धरा: सहा महिन्यांच्या 738 पावत्या, 50 पावत्यांची 15 पुस्तकं, वर एक जादा. 51 का, तर 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि तिच्यात एकट्याने वाटाघाटी करणाऱ्या युनियनला तेवढे लागतात. आपला अर्ज कोणत्या कायद्यात बसतो हे छपाईआधीच वकिलाकडून पक्कं करा.

छापखान्याचं बिल मात्र सांभाळा, ते उलटतंही. बिल मार्चचं आणि पावत्या जानेवारीच्या, असं निघालं तर सगळं दप्तर संशयात. एकाच बैठकीत, एकाच पेनाने भरलेली सहा महिन्यांची पुस्तकंही लगेच ओळखू येतात. चुकलेली पावती फाडू नका. 'रद्द' लिहून दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवा.

पुस्तक कितीही चांगलं असलं तरी थकबाकी झाकत नाही. 1971 च्या कायद्यात वर्गणी महिन्याला किमान 50 पैसे, म्हणजे रक्कम नावापुरतीच. पण सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त महिन्यांची थकली की तो सभासद धरत नाहीत. तोच माणूस जुनीकडेही वर्गणी भरत असेल तर मोजणीत वाद आलाच. म्हणून जुनीला दिलेल्या राजीनाम्याची पोच पावतीच्या आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीमागे लावा. पगारातून वर्गणी कापली जात असेल तर कपात थांबवण्याचं पत्र कंपनीलाही द्या, त्याचीही पोच घ्या.

साखर कारखान्यातल्यांनी यातले आकडे उचलू नयेत. तिथं 1946 चा औद्योगिक संबंध कायदा, मान्यताप्राप्तऐवजी 'प्रातिनिधिक' युनियन, आणि तिच्या नोंदणीला तीन महिन्यांची 25 टक्के सभासदसंख्या बघतात. पुस्तकं तिथेही हीच चालतील, फक्त संख्या त्या हिशोबाने धरा.