वजन उतरवायला गेले आणि ३८,७०० रुपये घालवून बसले

आधी आकडे लिहिते, कारण गावात जो तो आकडाच विचारतो आणि मग "एवढे काहून दिले वो?" म्हणतो. वजन उतरवून देणाऱ्या एका सेंटरची नोंदणी ५००. डिपॉझिट १५,०००. पन्नासाव्या दिवशी "लेव्हल दोन" म्हणून आणखी १२,०००. पावडरचे चार डबे, एक २,३५० चा, म्हणजे ९,४००. पोटाला बांधायचा पट्टा १,८००. एकूण ३८,७००. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावानेसुद्धा पाच क्विंटलांच्या वर कापूस मी एका माणसाच्या हातात नेऊन दिला. आणि हमीभाव तरी खेड्यात कोणाच्या पदरात पडतो?

मी वऱ्हाडातल्या एका खेड्यात किराणा दुकान चालवते. गावाचं, तालुक्याचं, त्या सेंटरचं नाव लिहीत नाही. तक्रारी चालू आहेत आणि वकील मॅडमनी मनाई केली आहे. तसंही तुमच्याकडे तो दुसऱ्याच नावाने येईल.

मी भोळी बाई नाही. बारावी झाली आहे, सोळा वर्षं दुकानाचा हिशोब माझ्या हातात आहे, आणि माझ्या काट्यावर आजवर गावात कोणी बोट ठेवलेलं नाही. म्हणूनच जास्त जळतं.

डिसेंबरात रक्त तपासलं, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.२ आली. डॉक्टर म्हणाले, अजून शुगर झाली नाही, पण उंबरठ्यावर उभ्या आहात. वजनाच्या पाच ते दहा टक्के जरी उतरवलं तरी फरक पडतो. माझं वजन ८३.४. म्हणजे चार ते आठ किलो. मी चालायला सुरुवातही केली. पण पहाटे साडेपाचला पायात बूट घालून पांधणीनं एकटी बाई निघाली की काय होतं, ते खेड्यातल्या बाईलाच कळेल. "कुठं चालल्या वो काकू, कोणी गेलं काय?" वेचणीला निघालेल्या बाया थांबून पाहायच्या. त्या दिवसभर वाकून कापूस वेचणार, आणि मी नुसतं चालायचं म्हणून चालते, याची मलाच लाज वाटायची. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी थंडी जास्त होती, दहाव्या दिवशी पाहुणे आले, मग संक्रांत आली. बूट दाराआड गेले.

मला पावडर नको होती. "आज चाललीस काय?" असं रोज विचारणारं कोणीतरी हवं होतं, एवढंच. त्या माणसानं नेमकं हेच हेरलं.

जानेवारीत कापसाचे पैसे लोकांच्या हातात येतात तेव्हाच असली दुकानं उघडतात, हे ध्यानात ठेवा. तालुक्याला बसस्टँडजवळ गाळा घेतलेला, भिंतीवर आरसे, एक पोरगा गाणी लावून व्यायाम करून घ्यायचा. १०० दिवसांत १० किलो उतरवा, डिपॉझिट दुप्पट घेऊन जा. पैसा अडकला की माणूस आळस करत नाही, असं सेंटर चालवणारे सर सांगायचे. ते मला पटलं, कारण ते खोटं नाही. फुकटच्या चालण्यात मी नवव्या दिवशी हरले होते. २० जानेवारी २०२५ ला मी १५,५०० रोख मोजून दिले. पावती म्हणून एक कार्ड मिळालं, त्यावर सही नाही, शिक्का नाही, पत्ता नाही. माझ्या दुकानात कोणी सहीशिवाय उधारी लिहायला सांगितली तर मी लिहीन काय?

आता लाल फडक्याची गोष्ट. दर दहा दिवसांनी वजन व्हायचं. कोपऱ्यात प्लॅटफॉर्मचा इलेक्ट्रॉनिक काटा, त्याच्या डिस्प्लेवर लाल सॅटिनचं फडकं टाकलेलं. तुम्ही काट्यावर चढायचं, डोळे मिटायचे, मनातला आकडा मनातच बोलायचा. मग सर फडकं उचलायचे, आकडा मोठ्यानं वाचायचे आणि सगळ्या बाया टाळ्या वाजवायच्या. उतरायच्या आत फडकं पुन्हा खाली. घरच्यांनी माझ्यासाठी आयुष्यात टाळ्या वाजवल्या नाहीत. तिथे चाळीस बाया वाजवत होत्या. दहाव्या दिवशी ८२.५. विसाव्या दिवशी ८१.३. मी खरोखर रात्रीची पोळी सोडली होती, पट्टा बांधून घाम गाळत होते, मग आकडा उतरणारच ना, असं वाटायचं.

२० मार्चला, साठाव्या दिवशी, ७७.१ आला. टाळ्या झाल्या. पंखा वर फुल्ल होता. मी उतरले आणि फडकं डिस्प्लेवरून घसरलं. काटा रिकामा होता आणि आकडा होता उणे ६.०.

दुकानदार असाल तर हे वाचताच तुमच्या लक्षात आलं असेल. मी दिवसातून तीस वेळा टेअरचं बटण दाबते. डबा ठेवला, टेअर दाबलं, आकडा शून्य झाला. डबा उचलला की डब्याच्या वजनाएवढा उणे आकडा दिसतो. म्हणजे आम्ही यायच्या आधी काट्यावर सहा किलोचं लोखंड ठेवून टेअर दाबलेलं होतं आणि मग ते उचललेलं. चढेल त्याचे सहा किलो कमी. आधी एक ठेवत असेल, मग दोन. माझं खरं वजन त्या दिवशी ८३.१ होतं. दोन महिन्यांत तीनशे ग्रॅम.

मी तो उणे आकडा पाहिला. वाचला. सर म्हणाले, "लाइट कमी-जास्त होऊन राहिली ना ताई, मशीन चुकते," आणि फडकं टाकलं. मी "हो ना" म्हटलं. का म्हटलं? दहा दिवसांपूर्वी लेव्हल दोनचे १२,००० भरले होते म्हणून. त्यातले दहा हजार बचत गटातून उचलले होते आणि घरी सांगितलं नव्हतं. तो आकडा खरा मानला असता तर त्याच संध्याकाळी घरी तोंड उघडावं लागलं असतं. माझी नजर चुकली नव्हती, मी नजर फिरवली. हे मी अजून कोणाला समोरासमोर सांगितलेलं नाही.

घरात सोयाबीन-तूर मोजायचा शंभर किलोचा काटा आहे. तीन पावलांवर. पण कार्डावर नियम छापला होता: दुसऱ्या काट्यावर वजन करू नये, मन खचतं. मी पाळला. कोणी तुम्हाला दुसरीकडे मोजायला मनाई केली, तर त्याच दिवशी दुसरीकडे मोजा.

पावडरला चॉकलेटचा वास होता आणि खाली सोयाबीनच्या पिठाची चव, जी मला झोपेतही ओळखता येते. डब्यावर खाद्य परवान्याचा चौदा आकडी नंबर नव्हता. माझ्या दुकानात नंबर नसलेलं चिवड्याचं पाकीटसुद्धा मी घेत नाही. आणि ते १२,००० मी फोनवरून पाठवले ते सेंटरच्या नावावर गेलेच नाहीत, कोण्या अनोळखी बाईच्या खात्यात गेले. पैसे पाठवायच्या आधी स्क्रीनवर नाव येतं. ते वाचत जा.

धाकटी जाऊ ब्लाउज शिवते. भाचीच्या लग्नासाठी २ एप्रिलला तिनं माझं माप घेतलं, जुन्या वहीत पाहिलं, पुन्हा टेप लावली. म्हणाली, "ताई, माप तं तेच हाय." मी तिच्यावर खेकसले, तुझी टेप सैल झाली म्हटलं. तिला मीच सेंटरमध्ये नेलं होतं. तिनं शिलाईचे साठवलेले १५,५०० भरले होते. तिच्यासकट सहा बाया मी नेल्या. एका बाईमागे हजार रुपये माझ्या कार्डावर लिहिले गेले, सहा हजार. हातात एक रुपया आला नाही. पण कार्डावर माझ्या नावापुढे "ग्रुप लीडर" लागलं, आणि पुढे पोलिसांना तेवढंच दिसलं.

२९ एप्रिल हा शंभरावा दिवस. पैसे दुसऱ्या दिवशी, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर मिळणार होते. आम्ही चांगल्या साड्या नेसून गेलो. शटरला कुलूप. वऱ्हाडातलं एप्रिलचं ऊन, चाळीस बाया रस्त्यावर, आणि बसस्टँडवरचे लोक आमच्याकडे पाहत होते. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी आमच्या काट्यावर उभी राहिले. ८२.९.

आता पुढचं ऐका. ठाण्यात पहिल्या दिवशी जमादार म्हणाले, "वजन उतरलं नाही म्हणून गुन्हा दाखल करायचा काय?" बाजूचे दोघे हसले. दुसऱ्या वेळी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या वेळी, पैसे राजीखुशीनं दिले, हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. चौथ्या वेळी माझं कार्ड उलटंपालटं करून, "बाया तं तुम्हीच आणल्या, पहिला गुन्हा तुमच्यावरच बसते." अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर "विश्वास नाही काय?" विश्वासापायीच तर मी इथे आले होते! गाळ्याच्या मालकाकडे गेलो, त्यानं भाडं आगाऊ मिळालं म्हणून आधार कार्डसुद्धा घेतलेलं नव्हतं. तालुक्याला गाळा देताय आणि माणूस कोण ते पाहत नाही?

मग वजनमापांच्या कार्यालयात. याच खात्यानं २०२३ मध्ये माझ्या दुकानातल्या काट्याचं मुद्रांकन, म्हणजे तपासणीचा सरकारी शिक्का, दीड महिना लांबलं म्हणून २,००० रुपये दंड घेतला होता. मी मुकाट्यानं भरला, नियम म्हणजे नियम. तिथे सांगण्यात आलं की माल मोजून विकला असेल तर आमचं काम, माणूस मोजला तर नाही. शिवाय काटा कुठे आहे, काटा आणा. तो काटा घेऊनच पळाला ना साहेब! आकड्यावर पैसे ठरत होते, आकड्यावर डिपॉझिट दुप्पट होणार होतं, मग तो व्यवहार नाही तर काय आहे? माझ्या दुकानात किलोमागे दहा ग्रॅम कमी भरले असते तर दुपारपर्यंत जीप आली असती. इथे माणसामागे सहा किलो मारले तर कोणाचंच काम नाही. अन्नाच्या कार्यालयात म्हणाले, डबा फोडलेला आहे, सीलबंद आणा. पैसे भरून आणलेला डबा माणूस फोडणार नाही तर देव्हाऱ्यात ठेवणार काय? एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून जिल्ह्याला सात फेऱ्या तरी झाल्या. दुकान बंद राहिलं त्याचा हिशोब कोण देणार?

शेवटी वाट दिसली ती तालुक्याच्या विधी सेवा समितीत. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न किती ते विचारत नाहीत. हे मला पहिल्या दिवशी कोणीच सांगितलं नाही, ना ठाण्यात ना ग्रामपंचायतीत. मॅडमनी सांगितलं, फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. ठाण्यात घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालानं पाठवता येते. मी रजिस्टर पोस्टानं पाठवली, पावती जपून ठेवली. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. ग्राहकांसाठी १९१५ हा नंबर आहे. फोनवरून पैसे गेले असतील तर १९३०, पण लगेच, त्याच तासात. मी ११ मेला केला, पैसे गेले होते १० मार्चला. दोन महिन्यांनी त्या खात्यात काय उरणार?

आणि बायांनो, घरी सांगा. मी लपवलं म्हणून लेव्हल दोन भरली, लपवलं म्हणून उणे सहाकडे डोळेझाक केली. घरच्यांनी कळल्यावर दोन दिवस बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासोबत ठाण्यात आले. तेवढंच झालं. याच भीतीनं मी तीन महिने गप्प होते.

आपल्या अमरावतीत १९१४ पासून व्यायाम शिकवणारी संस्था उभी आहे, गावोगाव आखाडे होते, आणि मी आरसे लावलेल्या गाळ्यात जिद्द विकत घ्यायला गेले.

आता पहाटे मी आणि धाकटी जाऊ दोघी चालतो. तिनंच दार वाजवलं, मी बोलावलं नव्हतं. दोघी असलो की रस्त्यात कोणी काही विचारत नाही. दर सोमवारी चहाच्या आधी सोयाबीनच्या काट्यावर उभी राहते. आधी रिकामा काटा शून्यावर आहे ना ते पाहते, ती पण पाहते. परवा ८०.४ आलं. तिच्या १५,५०० मधले ९,००० मी दुकानातून थोडे थोडे करून परत दिले आहेत. ती नको म्हणते. उरलेले ६,५०० सोयाबीन निघालं की देणार आहे.