पहिलं पात्र: दान टाकून की गुण वाटून, तीन पानं की तीन ओळी?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात प्रत्येक जण एक काल्पनिक पात्र होऊन फाशांच्या जोरावर साहसं करतो. त्याच्या ऑनलाइन गटात जागा मिळाली की दोन गोष्टी लगेच ठरवाव्या लागतात. सहा क्षमतांचे (ताकद, चपळाई वगैरे) आकडे कसे काढायचे, आणि पात्राचा पूर्वेतिहास किती लिहायचा? बहुतेक नवे खेळाडू एकटेच बसून दोन्ही ठरवतात आणि पूर्ण झालेलं पात्र गटापुढे ठेवतात. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या तिच्यातूनच निघतात. गट व्हॉइसवर खेळतो की डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर लिहून, आणि बाकीचे काय घेताहेत, हे कळायच्या आत केलेलं पात्र क्वचितच बसतं.

आधी आकडे. फाशांची पद्धत अशी: सहा बाजूंचे चार फासे टाका, सगळ्यात लहान आकडा सोडा, उरलेल्या तिघांची बेरीज घ्या. असं सहा वेळा. सरासरी सव्वाबाराच्या आसपास येते. दुसरी पद्धत २७ गुणांची: प्रत्येक क्षमता ८ पासून सुरू होते आणि जास्तीत जास्त १५ पर्यंत नेता येते. १३ ला ५ गुण लागतात, १४ ला ७, १५ ला ९. नियमपुस्तकातला तयार संच, म्हणजे १५, १४, १३, १२, १०, ८, यांची किंमतही बरोबर २७ भरते आणि सरासरी १२ येते.

म्हणजे सरासरीत फासे किंचित सरस. पण तुम्ही सरासरी घेऊन खेळत नाही, पडलेलं दान घेऊन खेळता, आणि तेही वर्षभर. आमच्या एका गटात एकाचं सगळ्यात मोठं दान १३ होतं आणि दुसऱ्याकडे दोन १७. पहिल्याचा वार हुकायचा, दुसऱ्याचा लागायचा. काही आठवड्यांनी पहिला यायचाच बंद झाला. एका बैठकीत संपणाऱ्या साहसासाठी फासे जरूर टाका, मजा येते. लांब मोहिमेसाठी मी २७ गुणच सुचवेन, लिहून खेळणार असाल तर नक्कीच. तिथे एक लढाई दोन-दोन आठवडे चालते, आणि कमकुवत पात्र घेऊन एवढी वाट पाहणं जिवावर येतं.

गुण वाटतानाही चुका होतात. तीन १५ आणि तीन ८ घेता येतात, म्हणून नवखा विझार्ड (जादूगार) कॉन्स्टिट्यूशनमध्ये, म्हणजे शरीराच्या काटकपणात, ८ टाकून मोकळा होतो. २०१४ च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे हिट पॉइंट्स (किती इजा सोसेल तो आकडा) ६, त्यात ८ च्या आकड्यानं एक वजा, उरले ५. साध्या गॉब्लिनचा, म्हणजे छोट्या राक्षसाचा, बाण सहा बाजूंचा एक फासा अधिक २ एवढी इजा करतो. फाशावर ३ किंवा जास्त पडलं की विझार्ड आडवा. तिथे १४ असते तर दोन मिळून हिट पॉइंट्स ८ झाले असते आणि फक्त ६ पडल्यावरच तो कोसळला असता. शिवाय मंत्रावरची एकाग्रता टिकते तीही कॉन्स्टिट्यूशनवरच. दुसरी चूक विषम आकड्यांची. १२ आणि १३ दोन्हींचा मॉडिफायर, म्हणजे फाशात मिळवायचा आकडा, +१ च. वंशाची किंवा पार्श्वभूमीची वाढ त्या क्षमतेला मिळणार नसेल, तर १३ वरचा तो जादा गुण बहुतेक वेळा वाया जातो.

आता पूर्वेतिहास. तीन पानी इतिहासात हमखास दोन गोष्टी सापडतात: तीन ड्रॅगन मारलेला सेनापती, आणि गावासकट जळून गेलेलं कुटुंब. सेनापती पहिल्या लेव्हलला उंदरांकडून मार खातो तेव्हा कहाणी आणि आकडे एकमेकांशी भांडतात. आणि घरचं कुणीच जिवंत नसेल तर डीएमच्या (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) हाती धागाच उरत नाही. त्याऐवजी या तीन ओळी बघा: “मीठ विकणाऱ्या घरातली. भाऊ बंदरावरच्या जहाजावर गेला, परत आला नाही. त्याची पत्रं मात्र अजून येतात.” डीएमला इथून सहा सेशन काढता येतील. व्हॉइसवर एवढंच पुरतं, कारण तुमची पानं सेशनच्या आधी कुणी वाचत नाही. लिखित खेळात मंडळी वाचायलाच आलेली असतात, तिथे तीन परिच्छेद चालतात.

लिखित खेळात मात्र वेगळीच चूक घडते. “मी तलवार फिरवतो आणि ऑर्कचं डोकं उडतं” असं लिहिलंत, तर समोरच्याची बाजू तुम्हीच खेळलात. “मी त्याच्या मानेच्या रोखानं तलवार फिरवतो” इथे थांबा. कोपऱ्यात बसणारा, कुणाशी न बोलणारा एकांडा वीरही लिखित खेळात लवकर मरतो. व्हॉइसवर निदान त्याचा नकार ऐकू येतो, इथे गप्प पात्र म्हणजे न आलेली पोस्ट.

गट अमेरिकेतला असेल तर घड्याळही पाहा. न्यू जर्सीतले रात्रीचे आठ म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशी उन्हाळ्यात पहाटेचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. दर आठवड्याला ते जमणार नसेल तर लिखित गट शोधा. आणि आकड्यांना हात लावण्याआधी डीएमला विचारा: बाकीचे काय घेताहेत, आणि माझं पात्र त्यांच्यापैकी कुणाला आधीपासून ओळखत असेल?