सभासद नोंदणीचं सॉफ्टवेअर : विंडोज आणि उबंटू, दोन्हींवर वापरल्यानंतर (१९७० आधी जन्मलेल्यांनी जरूर वाचावं)

१ जानेवारीला सकाळी आमच्या कोथरूडच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या जवळजवळ प्रत्येक सभासदाला या सॉफ्टवेअरकडून वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एसएमएस गेला. मे महिन्यात जन्मलेल्यांनाही गेला आणि दिवाळीत जन्मलेल्यांनाही. एसएमएसचं पॅक संघाच्या वर्गणीतून घेतलेलं, त्यातला मोठा हिस्सा एका सकाळीत संपला. कार्यवाह या नात्याने फोन मलाच आले.

वर्गणी, पावत्या, सहलींच्या याद्या, ओळखपत्रं या सोयी माहितीपत्रकात आहेत, त्या पुन्हा सांगत नाही. पावत्या सुबक निघतात, थकबाकीची यादी अचूक असते. मला बोलायचं आहे ते एकाच रकान्याबद्दल, जन्मतारखेच्या. ज्येष्ठ नागरिक संघात त्याहून महत्त्वाचा रकाना दुसरा कुठला असणार?

माझ्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबंटू आहे, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. त्याला लायसन्सचे पैसे पडत नाहीत. संघाच्या कार्यालयात देणगीत मिळालेला विंडोजचा डेस्कटॉप आहे. सॉफ्टवेअर दोन्हींवर सारखंच चालतं असं टिळक रोडवरच्या दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं, म्हणून तर घेतलं. रजिस्टरवरून सगळ्या नोंदी मी घरी उबंटूवर भरल्या. तिथे प्रत्येक जन्मतारीख बरोबर दिसत होती, आजही दिसते. तीच फाइल पेनड्राइव्हवरून कार्यालयात नेली, आणि तिथे ज्यांचा जन्म १९७० आधीचा, त्या प्रत्येकासमोर ०१/०१/१९७० आली. वेळेच्या रकान्यात पहाटेचे ०५:३०.

ही तारीख खरी वाटते, घोटाळा तिथेच आहे. आमच्या पिढीत शाळेत घालताना गुरुजींनीच १ जून लिहून टाकलेले पुष्कळ आहेत, त्यामुळे जूनची यादी दरवर्षी लांबलचक असते. जानेवारीची यादी लांब दिसली तेव्हा कार्यालयातल्या मंडळींना त्यात वावगं वाटलं नाही. रकाना कोरा असता किंवा लाल अक्षरांत ‘तारीख वाचता आली नाही’ असं आलं असतं, तर कोणीही थांबलं असतं. त्याहून वाईट म्हणजे फोन नंबर बदलण्यासाठी कोणाची नोंद उघडून सेव्ह केली की ती खोटी तारीख फाइलमध्ये कायमची बसायची. मग फाइल परत उबंटूवर आणली तरी मूळ तारीख गेलेली. घरी जुनी प्रत होती आणि कागदी रजिस्टर कपाटात होतं, म्हणून निभावलं.

कंपनीच्या मदत केंद्राकडून आधी उडवाउडवीची उत्तरं मिळाली. डेटा एंट्री तपासा. विंडोजमधली रिजन सेटिंग बदला. मशीन फॉरमॅट करा. शेवटी, वार्षिक देखभाल करार आत्ताच वाढवून घ्या, मग इंजिनिअर बघेल. पैसे आधी आणि दुरुस्ती मग, हे मला मान्य नव्हतं. मी दोन्ही मशीनवर कोऱ्या फाइलमध्ये त्याच तारखा भरून पाहिल्या. विंडोजवर २ जानेवारी १९७० ही तारीख नीट येते. ३१ डिसेंबर १९६९ बिघडते. आणि १ जानेवारी १९७० भरली तर तीसुद्धा आतून बिघडलेलीच असते, फक्त दिसायला बरोबर दिसते.

याचं कारण असं. हे सॉफ्टवेअर तारीख ही तारीख म्हणून साठवत नाही. १ जानेवारी १९७०च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, तो आकडा साठवतं. त्याआधीचा क्षण म्हणजे उणे आकडा. आपली घड्याळं साडेपाच तास पुढे, म्हणून पुण्यातल्या १ जानेवारीच्या मध्यरात्रीचा आकडाही उणेच, उणे १९,८००. लिनक्सवर त्या आकड्याची तारीख करून देणारी सोय उणे आकडा मुकाट्याने घेते. विंडोजवरची तीच सोय, सी या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं लोकलटाइम, उणे आकडा नाकारते आणि ‘काहीच नाही’ असं उत्तर परत देते. वरच्या बाजूलाही तिची मर्यादा आहे, सन ३०००ची अखेर. हे मायक्रोसॉफ्टने कागदपत्रांत उघड लिहून ठेवलं आहे. ते ‘काहीच नाही’ चूक म्हणून दाखवायचं सोडून आमच्या सॉफ्टवेअरने त्याचं शून्य केलं, आणि शून्य सेकंद म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच.

‘मॅडम, विंडोजमध्येच तसं असतं’ असं मला ऐकवण्यात आलं. ते पटण्यासारखं नाही. विंडोज स्वतः फाइलींच्या वेळा १ जानेवारी १६०१पासून मोजते. १९४७ साल तिला परकं नाही. कुठली सोय वापरायची आणि ती नाही म्हणाली तर काय करायचं, हे लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं.

हे सगळं लेखी पाठवल्यावर एका मुलीचा फोन आला. तिने माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि आठवड्याच्या आत नवी आवृत्ती आली. १५ ऑगस्ट १९४७ विंडोजवर बरोबर! मी तेव्हा चांगला अभिप्राय लिहायलाच घेतला होता. त्यात ‘सहस्रचंद्रदर्शन’ नावाची सोयही आली होती. एक हजार पौर्णिमा म्हणजे साधारण २९,५३० दिवस, जवळजवळ ८० वर्षं १० महिने. कोणाचं कधी येतं याची यादी एका क्लिकवर निघते. संघात या यादीचा केवढा आनंद झाला! पूर्वी आम्ही पंचांग घेऊन हे काम करायचो.

आणि त्या यादीनेच दुसरा दोष उघडा पाडला. एका आजींनी यादी पाहून विचारलं, ‘अगं, माझी जन्मतारीख एक दिवस अलीकडे कशी?’ आजी १९४४च्या. तपासलं तर १९४३, १९४४ आणि १९४५चा बराचसा भाग, सगळे एकेक दिवस मागे. ९ ऑगस्ट १९४२ला जन्मलेले काका मात्र बरोबर. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातल्या काकू चुकलेल्या.

उत्तर सापडलं ते महायुद्धात. त्या काळात हिंदुस्थानातली घड्याळं एक तास पुढे केली होती. ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२च्या मध्यापर्यंत, आणि पुन्हा सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५. लिनक्ससोबत येणाऱ्या टाइमझोनच्या माहितीत हा इतिहास नोंदलेला आहे, त्यामुळे उबंटूवर भरलेली १९४४मधली मध्यरात्र साडेसहा तासांच्या फरकाने साठवली गेली. नव्या आवृत्तीने विंडोजवर सरसकट साडेपाच तास मिळवले. मध्यरात्रीचे झाले आदल्या दिवशीचे रात्रीचे अकरा, आणि तारीख बदलली. सहस्रचंद्रदर्शनाच्या उंबरठ्यावर असलेली हीच मंडळी, आणि नेमक्या त्यांच्याच तारखा चुकल्या, याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून पुन्हा लिहिलं, या वेळी एकच मागणी ठेवून. जन्मतारीख हा क्षण नाही. तिला टाइमझोन नसतो, सेकंद नसतात. वर्ष, महिना, दिवस एवढंच साठवा. आणि कुठलीही तारीख झेपत नसेल तर दोन्ही मशीनवर एकच संदेश द्या, स्वतःच्या मनाने तारीख घालू नका. ही मागणी मान्य झाली, याचं श्रेय मी त्या मुलीला मनापासून देते. आताच्या आवृत्तीत जन्मतारखा दोन्हीकडे सारख्या दिसतात. ३० फेब्रुवारी भरून पाहिली तर दोन्हीकडे शब्दशः तोच नकार येतो.

एक्सेलमध्ये यादी काढताना मात्र जपा. संस्थापक सभासदांपैकी एकांचा जन्म १८९८चा. एक्सेल १९००च्या आधीची तारीख तारीख म्हणून घेतच नाही, साधा मजकूर धरतं, आणि वयानुसार क्रम लावला की ते नाव भलतीकडे जातं. लिबरऑफिस या एक्सेलच्या मोफत पर्यायात तीच तारीख व्यवस्थित चालते.

घेण्याआधी दुकानातच १/१/१९७०, १५/८/१९४७ आणि १९४४मधली कुठलीही तारीख भरा, फाइल दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर उघडा, तिथे सेव्ह करा आणि परत पहिल्या मशीनवर आणून बघा. दुकानदार घाई करेल, करू द्या.

एक गोष्ट अजून बाकी आहे. आजीव सभासदांची मुदत हे सॉफ्टवेअर आपणहून ३१/१२/९९९९ धरतं. उबंटूवर ती ओळखपत्रावर छापली जाते. विंडोजवर सन ३०००च्या पलीकडची म्हणून त्या जागी कोरी पट्टी येते. आजीवला मुदतच नको, तिथे ‘आजीव’ एवढा शब्द छापा, असं कळवलं आहे. देखभाल करार मार्चअखेर संपतो. कार्यालयातल्या विंडोजवरून आजीव सभासदांची ओळखपत्रं नीट छापून मिळेपर्यंत पुढच्या वर्षाच्या चेकवर मी सही करणार नाही, हेही त्याच पत्रात लिहिलं आहे. तोवर पाचपैकी तीन तारे.