फीडिंग पिलो द्यायची की आपले दोन तास?

मैत्रिणीला बाळ झालं की आपण सगळे बाळासाठीच कपडे, खेळणी घेऊन जातो आणि जी आत्ता बाळंत झालीये तिच्या हातात काहीच पडत नाही. म्हणून मी दोनच गोष्टींचा विचार करते, फीडिंग पिलो (बाळाला पाजताना मांडीवर, कमरेभोवती ठेवायची उशी) नाहीतर स्वतःचा वेळ.

पिलो खरंच कामाची आहे. नवजात बाळ 24 तासांत साधारण 8 ते 12 वेळा दूध पितं, मान-खांदे पार भरून येतात, आणि सिझेरियन झालं असेल तर पिलोमुळे बाळाचं वजन टाक्यांवर येत नाही. कव्हर काढून धुता येणारीच घ्या, दूध सांडतंच. फक्त एवढं सांगून द्या की बाळाला त्यावर झोपवायचं नाही, श्वास कोंडायची भीती असते.

पण वेळ ही वेगळीच गोष्ट आहे. "काही लागलं तर सांग" म्हणू नका, ती सांगणारच नाही, सरळ "गुरुवारी चारला येते, बाळाला मी बघते, तू झोप" म्हणा. मी अशीच एका मैत्रिणीकडे गेले होते, तिने आधी केस धुतले आणि ओल्या केसांनीच आडवी झाली, ती थेट बाळ रडल्यावरच उठली. तोवर मी कपड्यांच्या घड्या घातल्या, भांडी आवरली. निघताना तिने नुसता माझा हात घट्ट धरून ठेवला.

लांब राहत असाल तर पिलो पाठवा, जवळ असाल तर वेळच द्या. आणि सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊ नका, पुढचा दिवस ठरवा.