बिनलिफ्टची चार मजली की लिफ्टची सात मजली?

सांगलीत परवडणारं घर शोधणाऱ्या मावशीने विचारलं, कुठलं घेऊ? तिचे गुडघे गेलेत, सुनेला सहा महिन्यांचं बाळ आहे. दोन्हीकडे घर ३० चौरस मीटरचं, म्हणजे जेमतेम सव्वातीनशे चौरस फूट. माहितीपत्रकातली बाग आणि कारंजं बाजूला ठेवून बोलते.

महिन्याचा खर्च: बिनलिफ्टची स्वस्त. दुसरीकडे लिफ्टची देखभाल, वीज आणि जनरेटरचं डिझेल सगळ्यांना वाटून घ्यावं लागतं. वर्गणी थकली की आधी लिफ्टच बंद पडते, आणि मग सातव्या मजल्यावरची म्हातारी माणसं घरात कोंडली जातात. हे मला फार लागतं.

चढउतार: बिनलिफ्टच्या इमारतीत मावशीला तळमजलाच हवा. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. नदीकाठच्या भागात तळमजला घेऊच नये.

लिफ्ट असली तरी दारापर्यंत पोचायला तीन पायऱ्या असतील तर उपयोग काय? उतार एकास बारा हवा, म्हणजे दीड फूट उंचीला अठरा फूट लांब. मावशीबरोबर गेले तेव्हा तो होता, पण त्यावर दुचाक्या लावलेल्या. संडासाचं दारही मोजा. चाकाची खुर्ची आत गेली पाहिजे.

शेजार: कमी घरांच्या जिन्यात ओळखी लवकर होतात.

तरुण जोडप्याने, हात आखडता असेल तर, बिनलिफ्टची घ्यावी. मावशीसारख्यांनी लिफ्टची, पण दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, आणि जनरेटर आपल्यासमोर चालू करून दाखवायला लावून.